डोक्याखालची चुंबळ

पाणी आणायला निघालेली बाई हंडा घेते, तशीच चुंबळही घेते. चुंबळ नसली तर हंडा डोक्यावर ठरत नाही. डोके गोल, हंड्याचे बूडही गोल. गोलावर गोल कसे राहील? म्हणून मध्ये कापडाचे कडे लागते. हंडा त्या कड्यात नीट बसतो. मग बाई सुरगाण्याची असो, पेठेची असो की त्र्यंबकची असो, चढण चढून घरी येते आणि वाटेत पाणी सांडत नाही.

आता एक गंमत पाहा. आपले डोकेही गोलच आहे. तेही एका उभ्या खांबावर ठेवलेले आहे. मग ते घरंगळत कसे नाही? कारण डोक्याखालीही एक चुंबळ आहे. ती कापडाची नाही, हाडाची आहे. ती आपण जन्माला येतानाच बरोबर आणली आहे.

ही चुंबळ कशी आहे, तिच्याखाली काय आहे, डोके कसे हलते, ते या धड्यात पाहू. आणि मान सांभाळायची कशी, तेही पाहू. कारण ही जागा फार नाजूक आहे. इथे झालेली चूक पुष्कळदा भरून निघत नाही.

मानेतले ७ मणके

पाठीचा कणा हे एकच लांब हाड नव्हे. एकावर एक ठेवलेल्या लहान हाडांची ती उतरंड आहे. या हाडांना मणके म्हणतात. मानेत असे ७ मणके आहेत. पहिलवानाच्या जाड मानेत ७, तान्ह्या बाळाच्या मानेतही ७. बैलाच्या मानेत ७. उंच जिराफाची मान झाडाच्या शेंड्याला पोचते, पण तिच्यातही मणके ७च. फक्त एकेक मणका लांब असतो. घुबडाच्या मानेत मात्र १४ मणके असतात. म्हणूनच ते फांदीवर बसल्या जागी पार पाठीमागे पाहू शकते.

आपली मान थोडी खाली घाला. मानेच्या मागे, सदऱ्याच्या गळपट्टीजवळ बोट फिरवा. तिथे एक हाड बोटाला ठळक लागते. तो बहुधा सातवा मणका. तिथे मान संपते आणि पाठ सुरू होते.

या सातांपैकी खालचे ५ मणके साधारण एका घडणीचे आहेत. प्रत्येकाला पुढे हाडाचा भरीव ठोकळा असतो. मागे एक टोक निघालेले असते. मध्ये भोक असते. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. त्यामुळे हाडावर हाड घासत नाही आणि धक्का बसला तर तो सोसला जातो.

वरचे २ मणके मात्र निराळे आहेत. डोक्याची हालचाल मुख्यतः त्यांच्यावर चालते. म्हणून त्यांची ओळख नीट करून घेऊ.

पहिला मणका 'होय' म्हणतो

पहिला मणका म्हणजे नुसते कडे. त्याला भरीव ठोकळा नाही, आणि मागचे लांब टोकही नाही. टोक असते तर आभाळाकडे पाहताना ते कवटीला अडले असते. हीच आपली हाडाची चुंबळ.

या कड्याच्या डाव्या आणि उजव्या अंगाला एकेक उथळ वाटी आहे. कवटीच्या बुडाशी दोन गुळगुळीत उंचवटे आहेत. ते या दोन वाट्यांत बसतात. मोठ्या माणसाच्या डोक्याचे वजन साडेचार ते पाच किलो असते. पाच किलोची पिठाची पिशवी हातात धरून उभे राहा. थोड्याच वेळात हात भरून येतो. एवढा भार ही चुंबळ आपण जागे असेतोवर तोलत असते.

वाटीत उंचवटा पुढे-मागे सरकतो. त्यामुळे डोके पुढे झुकते आणि पुन्हा वर उचलते. आपण 'होय' म्हणताना मान डोलावतो, तिची सुरुवात या सांध्यात होते. डोके आणखी खाली घालायचे असले, तर खालचे मणकेही वाकतात. दारात नंदीबैल येतो. त्याला काही विचारले की तो मान हलवतो. होकाराची खूण त्याला मालकाने शिकवलेली असते. पण डोके हलते ते अशाच वाट्यांच्या सांध्यामुळे.

डॉक्टर या मणक्याला 'ॲटलस' म्हणतात. हे नाव ग्रीक लोकांच्या पुराणातले आहे. ॲटलस नावाचा एक बलदंड पुरुष आभाळ तोलून धरतो, अशी त्यांची कथा आहे. आपल्याकडे शेषाने पृथ्वी मस्तकावर धरली असे सांगतात, त्यातलाच प्रकार. डोके तोलणारा म्हणून या मणक्याला ते नाव मिळाले.

दुसरा मणका 'नाही' म्हणतो

दोन वाट्यांत बसलेले डोके पुढे-मागे हलते, पण डावी-उजवीकडे तिथे फारसे फिरत नाही. मग 'नाही' म्हणताना मान कशी फिरते? त्यासाठी जाते आठवा.

आता गावोगाव गिरण्या झाल्या. जाते कोपऱ्यात गेले. तरी लग्नाची हळद दळायला ते अजून बाहेर निघते. जात्याच्या खालच्या तळीत मधोमध खीळ उभी असते. वरची तळी त्या खिळीभोवती गरगर फिरते. खीळ आहे म्हणून वरची तळी घसरून बाजूला जात नाही.

मानेत तशीच रचना आहे. दुसऱ्या मणक्याच्या वर एक हाडाची खुंटी उभी आहे. तिची उंची सुमारे दीड सेंटीमीटर, म्हणजे करंगळीच्या शेवटच्या पेराहूनही कमी. ही खुंटी पहिल्या मणक्याच्या कड्यात खालून शिरते. ती कड्याच्या पुढच्या बाजूला टेकून असते. आपण 'नाही' म्हणतो, तेव्हा डोके आणि पहिला मणका दोघे मिळून या खुंटीभोवती फिरतात. पहिला मणका म्हणजे जात्याची वरची तळी. दुसरा म्हणजे खालची तळी.

फरक एवढाच, की जात्यासारखे डोके गरगर फिरत नाही. खुंटीच्या दोन्ही अंगांना बळकट पट्टे आहेत. ते वर कवटीला बांधलेले आहेत. डोके एका मर्यादेपलीकडे फिरू लागले की हे पट्टे ताणतात आणि त्याला अडवतात. आपली मान डावी-उजवीकडे जेवढी फिरते, त्यातली जवळजवळ निम्मी फिरकी या एकाच सांध्यात होते. उरलेली निम्मी खालच्या मणक्यांनी वाटून घेतली आहे. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे पाहता ना? ते या खुंटीमुळे जमते.

डॉक्टर या मणक्याला 'ॲक्सिस' म्हणतात. ॲक्सिस म्हणजे आस. गाडीचे चाक आसाभोवती फिरते, तसे डोके याच्याभोवती फिरते.

होकार झाला, नकार झाला. तिसरी हालचाल म्हणजे मान एका अंगाला कलणे. वणीच्या सप्तशृंगीच्या गडावर देवीची मान किंचित एका बाजूला कललेली दिसते. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी पुराण सांगत बसत आणि देवी कान देऊन ऐके, असे लोक सांगतात. मन लावून ऐकताना आपलीही मान अशीच कलते. हे काम मुख्यतः खालच्या मणक्यांचे.

खुंटीशेजारी कोण राहते?

आता नाजूक गोष्ट ऐका. जात्याच्या खिळीजवळ कोणी बोट घालते का? घालत नाही, कारण बोट चेंगरेल. पण मानेतल्या खुंटीच्या मागे, त्याच कड्यात, आपला जीव की प्राण असलेली एक दोरी आहे. तिला मज्जारज्जू म्हणतात. ती साधारण करंगळीएवढी जाड असते. मेंदूचा हुकूम हातापायांना जातो तो या दोरीतून. हाताला चटका बसला ही बातमी मेंदूला पोचते तीही हिच्यातूनच. श्वास घ्यायचा हुकूमही याच वाटेने खाली उतरतो.

कड्याच्या पोकळीचे तीन सारखे वाटे आहेत असे समजा. एका वाट्यात खुंटी असते. दुसऱ्या वाट्यात मज्जारज्जू असतो. तिसरा वाटा मोकळा असतो. तो मोकळा वाटा आहे म्हणून आपण मान फिरवतो तेव्हा मज्जारज्जू चेपत नाही.

खुंटी आणि मज्जारज्जू यांच्यामध्ये एक आडवा, चिवट पट्टा आहे. तो खुंटीला जागच्या जागी बांधून ठेवतो. गाय दाव्याने खुंटीला बांधतात. इथे खुंटीच दाव्याने बांधलेली आहे! हा पट्टा तुटला किंवा खुंटी मोडली, तर हाड मागे सरकून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. मग हातपाय लुळे पडतात. इतक्या वर मोठी इजा झाली तर श्वासही बंद पडतो.

आणखी एक गोष्ट. मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंनी लहान भोके आहेत. वरच्या ६ मणक्यांच्या भोकांतून दोन रक्तवाहिन्या वर चढतात. पहिल्या मणक्यावर त्या वळण घेतात आणि कवटीत शिरतात. त्या मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवतात. मानेला वेडावाकडा हिसका बसला तर या वाहिन्यांनाही दुखापत होते.

कडकड मान मोडू नका

दाढी झाली, केस कापून झाले, की पुष्कळ लोक मान पुढे करतात. कारागीर हनुवटी धरून झटकन पिरगळतो. कडकड आवाज होतो. "हाड बसलं, मोकळं वाटलं," असे माणूस म्हणतो.

तो आवाज हाड बसल्याचा नसतो. सांध्यात थोडा पातळ द्रव असतो. सांधा एकदम ताणला की त्या द्रवात बुडबुडा होतो, त्याचा तो आवाज. बरे वाटते ते घटकाभर. पण त्या झटक्याने मानेतल्या रक्तवाहिनीला आतून चीर पडू शकते. असे क्वचितच होते, हे खरे. पण झाले तर माणसाला लकवा होतो, जीवही जातो. ज्याला हातापायांच्या सांध्यांचा जुना आमवात आहे, त्याने तर मान मुळीच मोडून घेऊ नये. या आजारात खुंटीला बांधणारा आडवा पट्टा सैल पडतो.

कारागिराचा यात हेतू वाईट नसतो. गिऱ्हाईक खूश व्हावे म्हणून तो करतो. आपणच सांगावे, "दादा, मालिश करा, पण मान मोडू नका." मान मोडल्यावर चक्कर आली, जीभ अडखळू लागली, एक हात जड पडला किंवा डोके-मान फार दुखू लागले, तर घरी थांबू नये. लगेच दवाखाना गाठावा.

तान्ह्या बाळाचीही मान जपा. मूल तीन-चार महिन्यांचे झाले की मान धरते. तोवर मानेचे स्नायू कच्चे असतात. बाळाला उचलताना डोक्याखाली हात हवाच. न्हाऊ घालताना, तेल लावताना डोके लोंबकळू देऊ नये. बाळाला गदागदा हलवून तर कधीच खेळवू नये.

काम करताना मान

आपल्या नाशिक जिल्ह्यातली कामे मानेला कसाला लावणारी आहेत. निफाड, दिंडोरीकडे द्राक्षाचे मळे आहेत. मांडवाखाली छाटणी करताना, घड विरळताना हात वर आणि मान मागे. कांदा लावताना मान खाली. मार्केटात पोती वाहणाऱ्या हमालाच्या मानेवर भार वेगळाच. आणि पाणी वाहणाऱ्या बाईचा भार तर रोजचाच.

भरलेली बादली अंगालगत धरली तर सोपी जाते. हात लांब करून धरली तर तीच बादली जड होते. डोक्याचेही तसेच आहे. डोके सरळ असले की त्याचा भार हाडांवर नीट उतरतो. डोके पुढे किंवा मागे झुकले की मानेच्या स्नायूंना ते ओढून धरावे लागते. मग मान भरून येते. खाली मान घालून तासन्‌तास मोबाईल पाहणाऱ्या पोरांनाही हेच लागू आहे.

काम तर सोडता येत नाही. पण काही गोष्टी करता येतात. मांडवाखाली काम करताना पायाखाली मजबूत स्टूल घ्यावे. म्हणजे घड डोळ्यांसमोर येतो आणि मान फार मागे टाकावी लागत नाही. कांदा लावताना थोड्या-थोड्या वेळाने उभे राहून मान सरळ करावी. ती हळूहळू डावी-उजवीकडे फिरवावी, झटके देऊ नयेत. डोक्यावर हंड्यावर हंडा चढवू नये. दोन हलक्या खेपा एका जड खेपेपेक्षा बऱ्या. आणि पाण्याची खेप बाईनेच का घालावी? घरातल्या गड्यानेही घालावी.

मानदुखी बहुधा विसाव्याने बरी होते. पण हातांना मुंग्या येऊ लागल्या, हातातली वस्तू आपोआप गळू लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर ती साधी मानदुखी नव्हे. डॉक्टरला दाखवावे.

कोणी पडला तर

उन्हाळ्यात पोरे विहिरीत सूर मारतात. पावसाळ्यानंतर पाणी खोल असते. चैत्र-वैशाखात ते तळाला जाते आणि खाली काळा खडक असतो. डोके खडकावर आपटले की सगळा धक्का मानेवर येतो. नदीच्या डोहातही गाळ आणि दगड दिसत नाहीत. म्हणून खोली ठाऊक नसलेल्या पाण्यात डोक्यावर उडी कधीही मारू नये. मोटरसायकलवरून, झाडावरून किंवा माडीवरून पडलेल्या माणसाचीही मान मोडलेली असू शकते.

असा माणूस पडला की आपण काय करतो? चारजण धावतात. एक खांदे धरतो, एक पाय धरतो. डोके मागे लोंबकळते. मग त्याला मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवतात. इथेच घात होतो. खुंटी मोडलेली असेल, पण मज्जारज्जू अजून शाबूत असेल. वर सांगितलेल्या मोकळ्या वाट्याने त्याला वाचवलेले असेल. आपण डोके हलवले की हाड सरकते. पडण्याने जे झाले नाही, ते उचलण्याने होते.

तेव्हा असे करावे :

१. आग, पाणी, वाहने असा धोका नसेल तर त्याला जागचा हलवू नये. "हलू नको, आम्ही आहोत," असा धीर द्यावा.

२. लगेच १०८ नंबरला फोन करावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका २०१४ साली सुरू झाली. तिला पैसे पडत नाहीत. फोनवर गावाचे नाव, रस्ता आणि जवळची खूण नीट सांगावी.

३. एकाने त्याच्या डोक्यामागे गुडघे टेकून बसावे. दोन्ही हातांनी डोके दोन्ही बाजूंनी धरून स्थिर ठेवावे. डोके ओढू नये, वळवू नये.

४. उशी देऊ नये. उठवून बसवू नये. पाणी पाजू नये.

५. ओकारी आली तर डोके, पाठ आणि पाय एका रेषेत ठेवून सगळे अंग एकदम कुशीवर करावे. त्याला तीन-चार माणसे लागतात. डोके धरणाऱ्याने हुकूम द्यावा, बाकीच्यांनी तो पाळावा.

६. हलवणे भागच पडले, तर फळीसारख्या सपाट, कडक वस्तूवर घ्यावे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना घोंगडीच्या गुंडाळ्या ठेवाव्यात.

७. श्वासच बंद पडला असेल तर श्वास चालू करणे पहिले. १०८ वरची माणसे फोनवर सांगतील तसे करावे.

माणूस उठून चालू लागला, म्हणजे मान ठीक आहे असे समजू नये. मोडलेल्या मानेनेही काही माणसे चालतात. मान दुखत असेल किंवा हातापायांत मुंग्या येत असतील, तर त्याला निजवून ठेवावे. मोठ्या दवाखान्यात मानेचा फोटो काढून पाहतात. तो काढल्यावाचून खरे कळत नाही.

अपघातात मदत केली तर पोलिसांचे लचांड मागे लागेल, अशी भीती पुष्कळांना वाटते. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. रस्त्यावरच्या अपघातात चांगल्या मनाने मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण दिले आहे. म्हणून भिऊन बाजूला उभे राहू नये.

लक्षात ठेवा

मानेत ७ मणके असतात. पहिला चुंबळीसारखा, दुसरा खिळीच्या तळीसारखा.
पहिल्यावर डोके 'होय' म्हणते, दुसऱ्यावर 'नाही' म्हणते.
खुंटीच्या मागेच मज्जारज्जू असतो.
मान मोडून घेऊ नका.
उथळ पाण्यात सूर मारू नका.
पडलेल्याचे डोके आधी स्थिर धरा, मग बाकीचे.

प्रश्न

१. पहिल्या मणक्याला मागे लांब टोक का नाही?
२. जात्याची खीळ आणि मानेतली खुंटी यांत सारखे काय, वेगळे काय?
३. कड्यातला मोकळा वाटा कशाच्या उपयोगी पडतो?
४. तुमच्या गावात कोणत्या विहिरीत पोरे सूर मारतात? चैत्रात तिथे पाणी किती असते? आज घरी जाऊन हा धडा त्या पोरांना वाचून दाखवा.